जुनी जॅझ गिटार, हातात फोन: सत्तर वर्षांपूर्वीची आर्चटॉप घेताना काय तपासायचं?

समजा, सात वर्षं तुम्ही एका वस्तूसाठी पैसे साठवताय. एका रात्री ती फोनच्या स्क्रीनवर दिसते. फोटो झकास आहेत, किंमत बजेटच्या जरा वर आहे आणि विक्रेता लिहितो, "आणखी दोघं जण मागे लागलेत. आज रात्री पाचशे डॉलर टोकन पाठवलंत तर तुमच्यासाठी ठेवतो." काय कराल?

मी पैसे पाठवायच्या बटणापर्यंत पोचलो होतो. नंतर जे झालं त्यातून बरंच शिकलो, म्हणून हा लेख.

मी मूळचा साताऱ्याचा. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, सध्या शिकागोजवळ सॉफ्टवेअरची नोकरी करतो. दुसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवर एका मित्राने फोनवर जो पास या जॅझ गिटारिस्टचा व्हिडिओ दाखवला. एकटा माणूस, एक गिटार, आणि ऐकताना वाटावं की तिघं जण वाजवतायत. त्याच्या हातात जी गुबगुबीत, व्हायोलिनसारख्या छिद्रांची गिटार होती ती म्हणजे गिब्सन कंपनीची ईएस-१७५. त्या दिवसापासून ती डोक्यात बसली. नोकरी लागल्यावर दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकायला लागलो.

तुम्हाला गिटार घ्यायची नसेल तरी वाचा. जुनी पेटी, फिल्मचा कॅमेरा, बुलेट, काहीही सेकंड हँड घ्यायचं असेल तर हीच पद्धत उपयोगी पडते. आणि यातलं बरंचसं काम फोनवर होतं.

आर्चटॉप म्हणजे नक्की काय?

आपण नेहमी बघतो त्या अकूस्टिक गिटारचा वरचा भाग सपाट असतो आणि मधोमध एक गोल भोक असतं. आर्चटॉपचा वरचा भाग व्हायोलिनसारखा मधे फुगीर असतो. 'आर्च' म्हणजे कमान, म्हणून आर्चटॉप. गोल भोकाऐवजी दोन बाजूंना इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी छिद्रं असतात, त्यांना एफ-होल म्हणतात. तारा ज्या लाकडी ब्रिजवरून जातात तो ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने जागेवर बसलेला असतो. तारांचं दुसरं टोक खाली टेलपीस नावाच्या धातूच्या पट्टीत अडकवलेलं असतं.

या रचनेची सुरुवात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावात झाली. ऑर्व्हिल गिब्सन हा कारागीर १८९० च्या दशकात तिथे मँडोलिन आणि गिटारचे वरचे भाग व्हायोलिनसारखे कोरून बनवायचा. १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी सुरू झाली. पुढे १९२२ मध्ये लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली एल-५ हे मॉडेल आलं आणि गिटारला एफ-होल मिळाले. त्या काळात माइक आणि अँप्लिफायर फारसे नव्हते. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गोंगाटात गिटार ऐकू यायची तर आवाज तोडून पुढे जायला हवा, आणि ते काम आर्चटॉप करायची.

मग वीज आली. १९३६ मध्ये गिब्सनने पिकअप बसवलेली ईएस-१५० काढली. चार्ली ख्रिश्चनने ती हातात घेतली आणि बँडमधली मागची गिटार पुढे येऊन सोलो वाजवायला लागली. 'ईएस' म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. १९४९ मध्ये ईएस-१७५ आली. किंमत १७५ डॉलर, म्हणून नावही तेच.

इथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एल-५ चा वरचा भाग स्प्रूस लाकूड कोरून बनवतात. ईएस-१७५ चा वरचा भाग मात्र पातळ थर चिकटवून, साच्यात दाबून बनवलेला असतो, म्हणजे लॅमिनेटेड. स्वस्त पडतं हे एक कारण. दुसरं म्हणजे अँपसमोर वाजवताना लॅमिनेटेड लाकूड कमी थरथरतं, त्यामुळे फीडबॅकची शिट्टी कमी येते. म्हणजे इथे लॅमिनेटेड असणं हा दोष नाही, ती तशीच असायला हवी.

या वाद्याचं आपल्याशीही नातं आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजायचा. पुढे अनेक गोवेकर वादक त्या बँडमधून हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. ब्रिजभूषण काब्रांनी आर्चटॉप मांडीवर आडवी ठेवून त्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरचा त्यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम अनेकांच्या घरी असेल. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणासुद्धा मुळात आर्चटॉप गिटारच, बदल करून तयार केलेली.

पहिली गिटार: लेबल एक सांगतं, शिक्का दुसरंच

आता त्या रात्रीकडे येऊ. जाहिरातीत लिहिलं होतं, "१९५८ ची ईएस-१७५, दोन ओरिजिनल हमबकर पिकअप." हमबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, ज्यात विजेची गुणगुण कमी होते. गिब्सनने ते १९५७ पासून गिटारवर बसवायला सुरुवात केली. तेव्हा पेटंट मिळालेलं नव्हतं, म्हणून खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाचं छोटं स्टिकर असायचं. ते स्टिकर असलेले पिकअप आज इतके महाग आहेत की त्यांच्या नकली प्रतीही निघतात. गंमत म्हणजे नंतरच्या स्टिकरवर कंपनीने पेटंट नंबर छापला तो पिकअपचा नव्हताच, लेस पॉलच्या टेलपीसचा होता! म्हणजे कंपनीचं स्वतःचं स्टिकरही चुकीचं असू शकतं.

एफ-होलमधून आत नारिंगी लेबल दिसत होतं, त्यावर 'ए' अक्षराने सुरू होणारा सीरियल नंबर. नंबरांच्या यादीत बघितलं तर १९५८. सगळं जुळत होतं. मी खूश.

टोकन पाठवायच्या आधी सहज घरी फोन लावला. बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आतून बघितलीस का?"

मी म्हटलं, "बाबा, फोटो आहेत ना, पंचवीस फोटो आहेत."

"त्याने दाखवले ते फोटो. तुला काय बघायचं होतं ते मागितलंस का? आम्ही मंडळाची पेटी घेतली तेव्हा आधी वाजवून नाही बघितली. भाता उघडला, मग सूर बघितले."

मुद्दा बरोबर होता. विक्रेत्याने दाखवलेलं आणि मला बघायचं असलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग मी शोधायला बसलो आणि फॅक्टरी ऑर्डर नंबरबद्दल कळलं.

समजायला सोपं उदाहरण घ्या. जुनी बुलेट घेताना आपण फक्त आरसी बुक बघत नाही, चेसिसवर पंच केलेला नंबर त्याच्याशी ताडून बघतो. गिटारचंही तसंच. लेबल हा कागद आहे, तो काढून दुसरा चिकटवता येतो. फॅक्टरी ऑर्डर नंबर मात्र गिटार बनत असताना आतल्या बाजूला पाठीच्या लाकडावर शिक्क्याने उमटवलेला असतो. १९५२ ते १९६१ या काळात गिब्सनने त्यात वर्षासाठी एक अक्षर वापरलं आणि ते उलट्या क्रमाने:

- १९५२ झेड
- १९५३ वाय
- १९५४ एक्स
- १९५५ डब्ल्यू
- १९५६ व्ही
- १९५७ यू
- १९५८ टी
- १९५९ एस
- १९६० आर
- १९६१ क्यू

अक्षरानंतर बॅचचा नंबर आणि मग त्या बॅचमधला क्रमांक. शिक्का गिटार बनायला घेतल्यावर पडायचा आणि सीरियल नंबर ती तयार होऊन बाहेर पडताना मिळायचा. त्यामुळे दोन्हींत काही महिन्यांचा फरक चालतो. चार वर्षांचा फरक असेल तर प्रश्न विचारायलाच हवेत.

मी त्या विक्रेत्याकडे शिक्क्याचा फोटो मागितला. दोन दिवस टोलवाटोलवी, मग फोटो आला. अक्षर होतं एक्स. म्हणजे १९५४. तेव्हा गिब्सन हमबकर लावतच नव्हती, ईएस-१७५ वर पी-९० नावाचे एका कॉइलचे पिकअप यायचे. म्हणजे ही गिटार १९५४ ची, नंतर कुणीतरी भोकं मोठी करून हमबकर बसवलेले आणि लेबल दुसरंच. शिवाय १९५५ पर्यंत गिब्सनचं लेबल पांढरं असायचं, नारिंगी नंतर आलं. तेही जुळत नव्हतं.

विक्रेता म्हणाला, दुरुस्तीत कधीतरी लेबल बदललं असेल. असेलही. तो लबाड होता असं मी म्हणणार नाही, कदाचित त्यालाही कुणी तशीच विकली असेल. पण किंमत तो १९५८ च्या न बदललेल्या गिटारची मागत होता. मी नाही म्हटलं. आठवडाभर वाईट वाटत राहिलं, ते वेगळं.

फोटो मागताना काय सांगायचं?

या अनुभवानंतर मी एक यादी केली. दूरच्या विक्रेत्याकडून फोटो मागवताना हे बघा:

तारखेची चिठ्ठी. वस्तूशेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागा. वस्तू खरंच त्याच्याकडे आहे का, हे कळतं. जाहिरातीतले फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तेच फोटो तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या जाहिरातीत सापडले तर विषय संपला.

फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी काढला वगैरे माहिती त्यातून निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. लाकडाची बारीक चीर झूम करून बघायची तर मूळ फाइलच हवी.

वाइड लेन्सपासून सावध. फोन अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत सरळ रेषाही वाकडी दिसते. गिटारची मान, म्हणजे नेक, सरळ आहे का हे बघायचं तर दोन-तीन पावलं मागे जाऊन २एक्स किंवा ३एक्स झूमने फोटो काढायला सांगा.

ब्रिजचा बाजूने फोटो. हा सगळ्यात महत्त्वाचा. ब्रिज वर-खाली करायला दोन्ही बाजूंना छोटी गोल चाकं असतात. ब्रिज अगदी तळाला टेकवूनही तारा उंच दिसत असतील तर नेकचा कोन बिघडलाय. ती दुरुस्ती म्हणजे नेक काढून पुन्हा बसवणं, आणि ते काम महाग असतं.

एफ-होलच्या कडेचा जवळून फोटो. कडेला लाकडाचे थर दिसतात की एकच सलग लाकूड, हे इथे कळतं. ईएस-१७५ ला थर दिसायला हवेत. एल-५ म्हणून विकत असतील आणि थर दिसले तर पळा.

दुसरी गिटार: कलामाझूची वारी

पाच महिन्यांनी दुसरी जाहिरात दिसली. १९५३ ची ईएस-१७५, एकच पी-९० पिकअप. विक्रेते सत्तरीतले, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. आणि राहायला कुठे, तर कलामाझूला! गिब्सनचा जुना कारखाना तिथल्या पार्सन्स स्ट्रीटवर होता. १९८४ मध्ये कंपनीने तो बंद केला आणि सगळं काम नॅशव्हिलला नेलं. मागे राहिलेल्या काही कामगारांनी पुढच्या वर्षी त्याच जागेत हेरिटेज नावाची स्वतःची गिटार कंपनी काढली.

शिक्क्याचा फोटो मागितला. त्यांनी तासाभरात पाठवला, अक्षर वाय. लेबल पांढरं, सीरियल नंबरही १९५३ चा. "ट्यूनर मी ऐंशीच्या दशकात बदललेत, जुन्यांचे प्लास्टिकचे कान झिजून तुटत होते," हे त्यांनी न विचारता सांगितलं. मागत होते ४,८०० डॉलर.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी गाडी काढली. शिकागोहून कलामाझू अडीच तास, शिवाय मिशिगनमध्ये घड्याळ एक तास पुढे. सोबत काय नेलं ते सांगतो:

फोनला जोडायचा एंडोस्कोप. बारीक वायरच्या टोकाला छोटा कॅमेरा आणि दिवे असतात, दुसरं टोक फोनच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये. नळ आणि गाड्या दुरुस्त करणारे वापरतात तोच. एफ-होलमधून आत सोडला की गिटारचं पोट दिसतं.

यूव्ही टॉर्च. जुन्या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. अंधारात यूव्ही प्रकाश टाकला की जुनं लॅकर हिरवट-पिवळसर चमकतं. नंतर कुठे रंग किंवा पॉलिश मारलं असेल तर तो भाग वेगळा, बहुतेक वेळा गडद दिसतो. दिवसा डोळ्यांना न दिसणारी दुरुस्ती इथे पकडता येते.

मल्टिमीटर. गिटारला केबल लावायची, आवाजाचं बटण पूर्ण वर करायचं आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजायचा. पी-९० साठी साधारण ७ ते ९ किलोओहम यायला हवा. आकडाच आला नाही तर कॉइल तुटलीय किंवा वायर सुटलीय.

ट्यूनर अॅप. याबद्दल पुढे.

त्यांनी चहा केला, मी यंत्रं मांडली. त्यांना हसू आलं, म्हणाले, "डॉक्टर आलेत." यूव्हीत सगळं एकसारखं चमकलं. मल्टिमीटरवर ७.९ आला. बटणांच्या खाली जे पॉट असतात त्यांच्या पाठीवर एक कोड असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे, पुढे वर्ष आणि आठवडा. गिब्सनच्या त्या काळातल्या गिटारमध्ये १३४ ने सुरू होणारे, म्हणजे सेंट्रलॅब कंपनीचे पॉट सापडतात. एंडोस्कोपमधून अर्धवटच वाचता आला, पण १३४ आणि पुढचा ३ दिसला. १९५३.

मग मी वाजवायला घेतली. सात वर्षं जो आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकला, तो मांडीवर थरथरत होता. खरं सांगतो, त्या क्षणी कुणी दहा हजार मागितले असते तर मी कर्ज काढलं असतं. म्हणूनच तपासणी वाजवण्याच्या आधी करायची. बाबांचं भात्याचं म्हणणं तेव्हा नीट कळलं.

तेवढ्यात एक गोष्ट खटकली. तिसऱ्या तारेचा जी सूर वाजवला की कुठेतरी 'झर्र' व्हायचं. फक्त त्याच सुराला. पुन्हा एंडोस्कोप आत घातला. वरच्या लाकडाला आतून आधार द्यायला दोन लांब पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यातल्या एका पट्टीचं टोक सुटलं होतं. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ दिसत होती.

आजोबांना हे माहीत नव्हतं. मी न सांगता घरी आणून गुपचूप दुरुस्त करू शकलो असतो. किंवा घाबरवून हजार डॉलर पाडू शकलो असतो. मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं जी गिटार वाजवली तिचं आतलं लाकूड त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. मग त्यांनीच गावातल्या एका गिटार दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. व्हिडिओ पाठवल्यावर त्याने सांगितलं, सरस लावून, क्लॅम्प करून होईल, अडीचशे डॉलर. सौदा ४,४०० वर ठरला. म्हणजे पावणेचार लाख रुपयांच्या घरात.

आवाज: फोन कुठे मदत करतो, कुठे फसवतो

ट्यूनर अॅपने एक महत्त्वाची गोष्ट मोजता येते, ती म्हणजे इंटोनेशन. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२.४ हर्ट्झ. बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवली तर दुप्पट, १६४.८ हर्ट्झ यायला हवेत. अॅप हा फरक 'सेंट'मध्ये दाखवतं. दोन शेजारच्या सुरांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट. बाराव्या फ्रेटवरचा सूर चढा येत असेल तर ब्रिज थोडा टेलपीसकडे सरकवायचा, उतरता येत असेल तर उलट. आर्चटॉपचा ब्रिज चिकटवलेला नसल्यामुळे हे दोन मिनिटांत होतं. म्हणून सूर थोडा हललेला दिसला तर घाबरू नका. ब्रिज सरकवूनही जुळत नसेल तरच काळजी करा.

आता फसवण्याबद्दल. व्हिडिओ कॉलवर गिटार ऐकून निर्णय घेऊ नका. कॉलिंग अॅप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. पंखा, एसी, ट्रॅफिक असा सलग चालणारा आवाज ती गोंगाट समजून दाबतात. गिटारचा लांबत जाणारा सूरही त्यांना तसाच वाटतो, म्हणून तो मधेच गिळला जातो. तुम्हाला वाटतं गिटार मेलेली आहे, प्रत्यक्षात अॅपने ती मारलेली असते. उलटही होतं, ती 'झर्र'सुद्धा अॅप पुसून टाकू शकतं. विक्रेत्याला फोनच्या रेकॉर्डरवर प्रत्येक तारेचा प्रत्येक सूर सावकाश वाजवून रेकॉर्ड करायला सांगा आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

पैसे आणि कायदा

पैशांचे नियम साधे आहेत. वस्तू बघायच्या आधी टोकन नाही. पेपॅलसारख्या सेवांमध्ये 'मित्रांना पाठवा' हा पर्याय असतो, त्यात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. विक्रेता त्याचाच आग्रह धरत असेल तर समजून जा. आपल्याकडे यूपीआयवर हेच लक्षात ठेवा, पिन टाकला की पैसे जातात. पैसे *मिळवण्यासाठी* पिन कधीच लागत नाही.

दुसरा मुद्दा अनेकांना माहीतच नसतो, तो लाकडाचा. जुन्या गिब्सनच्या फिंगरबोर्डला बऱ्याचदा ब्राझिलियन रोझवूड असतं. १९९२ पासून हे झाड साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. इतर रोझवूडवर २०१७ मध्ये निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियनला ती सूट नाही. लाकूड ब्राझिलियन आहे की दुसरं, हे फोनच्या फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे त्या काळातली गिटार असेल तर ब्राझिलियन धरूनच चालायचं.

म्हणजे मी ही गिटार अमेरिकेत खुशाल वाजवू शकतो, पण पाठीवर टाकून मुंबईचं विमान पकडू शकत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या वन्यजीव विभागाकडून ती बंदीआधीची असल्याचं सर्टिफिकेट लागतं आणि भारतात काय लागेल ते आधी विचारून ठेवावं लागतं. भारतात थेट मागवणार असाल तर आणखी एक. सेकंड हँड वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, आणि कस्टम ड्यूटी नुसत्या किमतीवर नाही तर किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. मग त्या सगळ्यावर आयजीएसटी. पैसे भरण्याआधी कस्टम ब्रोकरशी बोला.

थोडक्यात

१. लेबलवर विश्वास ठेवू नका. लाकडावरच्या शिक्क्याशी ताडून बघा.
२. विक्रेत्याने दाखवलेले फोटो बघून झाले की तुम्हाला हवे ते मागा.
३. फोटो आणि आवाज, दोन्ही मूळ फाइल म्हणून मागवा.
४. आधी तपासा, मग वाजवा.
५. दोष दिसला की दाखवा आणि त्याचा खर्च विचारून किंमत ठरवा.
६. घाई करणाऱ्याला पैसे देऊ नका.
७. वस्तू देशाबाहेर न्यायची असेल तर कागद आधी, खरेदी नंतर.

आणि शेवटी

दुरुस्ती होऊन दोन आठवड्यांनी गिटार घरी आणली. बाहेर उणे बारा डिग्री. दुरुस्ती करणाऱ्याने बजावलं होतं, घरी गेल्या गेल्या केस उघडायची नाही. गार पडलेली गिटार एकदम उबदार खोलीत उघडली तर जुनं लॅकर तडकतं, काचेसारख्या रेघा पडतात. रात्रभर केस बंद ठेवायची. सात वर्षं थांबलो होतो, पण ती एक रात्र काही संपेना. दोनदा उठून केसला हात लावून बघितला.

सकाळी उघडली आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ. वाजवायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "अरे, तुटक तुटक येतंय, सूर मधेच जातोय." वर जे लिहिलंय ते मी स्वतःच विसरलो होतो. कॉल बंद केला, रेकॉर्ड केलं आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. "ऐकली दोनदा. तो झर्र गेला. आता इकडे कधी आणतोस?"

सर्टिफिकेटचा फॉर्म त्याच दिवशी डाउनलोड केला.